गंडरादित्याचें तळें आणि शाहू छत्रपतींचीं वसतिगृहें

शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या व धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठीं जीं स्वतंत्र वसतिगृहें काढविलीं, त्यांच्याविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. पहिलें मत केवळ स्तुतीचें आहे. त्या मताप्रमाणें हीं वसतिगृहें म्हणजे सर्व जातींच्या सलोख्याचें मूर्तिमंत स्वरूप होत, आणि त्यांविषयीं अधिक कांहीं विचारणें म्हणजे महाराजांच्या पुण्यस्मृतीचा अनादर करणें होय. दुसरें मत केवळ दोषदृष्टीचें आहे. ज्याला जातिभेद मोडावयाचा होता त्यानेंच प्रत्येक जातीला निराळें घर बांधून द्यावें, हा उघड वदतोव्याघात होय, असें तें मत सांगतें. महाराज ६ मे १९२२ रोजीं निवर्तले. त्या गोष्टीस २०२२ सालीं शंभर वर्षें पुरीं झालीं, तेव्हां व्याख्यानांतून व स्मरणिकांतून हीं दोन्ही मतें पुन्हा उच्चारलीं गेलीं. परंतु एका पक्षानें दुसऱ्याचें म्हणणें नीट ऐकून घेऊन त्यास उत्तर दिल्याचें आमच्या पाहण्यांत आलें नाहीं.

आम्हीं तीसांहून अधिक वर्षें याच शहरांत संस्कृत शिकविलें. आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळ मुलें या वसतिगृहांतून येत. तेव्हां हा प्रश्न आमच्या दृष्टीनें केवळ दप्तरांतला नाहीं. तरीहि त्याचा विचार दप्तराच्याच शिस्तीनें व्हावा, म्हणून आम्ही मीमांसकांची जुनी रीत स्वीकारतों. विषय कोणता, संशय कोणता, पूर्वपक्ष काय म्हणतो आणि सिद्धांत काय ठरतो, या क्रमानें गेलें असतां निदान घोटाळा तरी होत नाहीं.

विषयाचा आरंभ आम्ही शाहू महाराजांच्या आठ शतकें पूर्वींपासून करितों. कोल्हापूर प्रांतावर राज्य करणारा शिलाहार राजा गंडरादित्य याचा शके १०३२ चा, म्हणजे इसवी सन १११० च्या सुमाराचा, एक ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यांत असें सांगितलें आहे कीं, राजानें मिरिंज देशांतील, म्हणजे मिरजेच्या बाजूच्या, इरुकुडि गांवीं गंडसमुद्र नांवाचें तळें खोदविलें, त्याच्या कांठीं ईश्वर, बुद्ध व अर्हत् यांच्या मूर्ति स्थापिल्या, आणि प्रत्येकाच्या पूजेअर्चेसाठीं स्वतंत्र भूमि तोडून दिली. बाराव्या शतकाच्या आरंभीं दक्षिणेंत बुद्धाचें पूजास्थान राजाच्या खर्चानें उभें राहावें, ही गोष्ट संशोधकांस विशेष वाटली, आणि ती तशी आहेहि. याच राजाचा सामंत निंबदेव यानें कोल्हापुरांत रूपनारायण नांवाची जैन बसदि उभारली. तिला दिलेलें नांव हें स्वामीचें बिरुद होतें.

या ताम्रपटाचा आधार घेऊन आमच्याकडील कांहीं लेखक 'कोल्हापूरची सर्वधर्मसमभावाची परंपरा आठशें वर्षांची आहे' असें वाक्य लिहून मोकळे होतात. आमचा त्यास आक्षेप आहे. ताम्रपट हा दानाचा लेख आहे. राजानें काय दिलें तें तो सांगतो; शैव, बौद्ध आणि जैन एकमेकांशीं कसे वागत, हें तो सांगत नाहीं. याच शतकाच्या उत्तरार्धांत शेजारच्या कर्नाटकांत शैव आणि जैन यांच्यांत जे कलह झाले, त्यांची कथा धारवाडच्या बाजूस अब्लूर येथील शिलालेखांत कोरलेली आहे. एकांतद रामय्यानें आपलें मस्तक पणास लावून जिनमूर्ति फोडल्याचें तो लेख अभिमानानें सांगतो. म्हणून एका तळ्याच्या कांठच्या तीन मूर्तींवरून सर्व समाजाच्या अंतःकरणाचें अनुमान करणें धाडसाचें आहे.

मग ताम्रपटांतून निश्चित काय हातीं लागतें? आमच्या मतें एक रचना हातीं लागते. देव तीन, उत्पन्नें तीन, पाणी एक. राजानें तिघांचा मिळून एक देव केला नाहीं, आणि तिघांना तीन तळींहि खणून दिलीं नाहींत. ज्याचें जें विशेष तें त्याच्याकडे राहूं दिलें आणि जें सर्वांस लागतें तें एकच ठेविलें. ही रचना वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे. शाहू महाराजांनीं हा ताम्रपट वाचून आपलें धोरण आंखलें असें आम्ही म्हणत नाहीं. दोन काळांतील दोन राज्यकर्त्यांसमोर एकच अडचण उभी राहिली असतां त्यांचीं उत्तरें कशीं जुळतात, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

आतां मुख्य विषय. महाराजांनीं २ एप्रिल १८९४ रोजीं राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां संस्थानच्या सामान्य प्रशासनांतील ७१ जागांपैकीं ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या. इतर जातींत शिकलेलीं माणसेंच थोडीं, म्हणून नोकरींत तीं थोडीं. आणि शहरांत येऊन राहण्याची सोय नाहीं, म्हणून शिकलेलीं थोडीं. या चक्राचा जो आरा प्रथम मोडावयाचा, तो राहण्या-जेवण्याचा, हें महाराजांनीं ओळखलें. येथें एक गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात. महाराजांनीं प्रथम काढलें तें वसतिगृह जातवार नव्हतें. १८९६ सालीं राजाराम कॉलेजला जोडून जें वसतिगृह निघालें, तें सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं होतें. दार सर्वांस मोकळें होतें, परंतु व्यवस्था ब्राह्मणांच्या हातीं होती, आणि थोड्याच वर्षांत तेथें ब्राह्मण विद्यार्थीच काय ते उरले.

व्याकरण शिकलेल्या वाचकांस आम्ही एक साम्य सुचवितों. माता आणि पिता या दोघांचा निर्देश संस्कृतांत 'पितरौ' या एका शब्दानें होतो. अर्थ दोघांचा, परंतु शब्द पित्याचा तेवढा शिल्लक राहतो आणि मातेचा जातो. यास वैयाकरण एकशेष म्हणतात. १८९६ चें सर्वांचें वसतिगृह हा एकशेष झाला. नांव सर्वांचें, शिल्लक एकच. यांत कोणाचा दुष्टपणा असलाच पाहिजे असें नाहीं. ज्या घराची चूल, पंगत, सोंवळें-ओवळें, बोलण्याची ढब आणि अभ्यासाची वेळ एकाच समाजाच्या संवयीनें ठरते, त्या घराचें दार कितीहि उघडें ठेविलें तरी दुसऱ्याचा पाय उंबऱ्यावर अडखळतो. खेड्यांतून आलेला कुणब्याचा मुलगा त्या पंगतींत आपलें ताट कोठें मांडावें हेंच जाणत नव्हता. अशा घरांतून तो निघून गेला तर त्याला हांकलून दिलें असें कोणी म्हणूं शकत नाहीं, आणि तो राहिला असेंहि म्हणतां येत नाहीं.

या अनुभवानंतर महाराजांनीं मार्ग बदलला. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच सालीं दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालें. १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं संस्था निघाली व तिचें अध्यक्षपद महाराजांनीं स्वतः स्वीकारलें. १९०७ सालीं लिंगायतांचें आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या जातींसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचें नांव त्यास दिलें होतें. पुढें दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, कायस्थ प्रभु, न्हावी, सुतार, देवांग अशीं एकामागून एक वसतिगृहें निघत गेलीं, आणि महाराजांच्या हयातींतच त्यांची संख्या वीसाच्या घरांत गेली. या यादींत सारस्वत व प्रभु हेहि आहेत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. म्हणजे मागें पडलेल्यांनाच निराळें काढलें असाहि प्रकार नव्हता.

स्वतंत्र वसतिगृहाची आवश्यकता काय होती, हें समजण्यासाठीं मोठें तत्त्वज्ञान नको. स्वयंपाकघर पाहिलें म्हणजे पुरे. जैन मुलगा सूर्यास्तानंतर जेवत नाहीं आणि कंदमूळ खात नाहीं. लिंगायत मुलास इष्टलिंगाची पूजा झाल्यावांचून अन्न घेतां येत नाहीं. मराठ्याच्या घरीं रविवारीं मटण शिजतें. मुसलमानास हलाल पाहिजे, नमाजाची वेळ पाहिजे, आणि रमजानांत पहाटे उठून जेवण्याची सोय पाहिजे. १९०१ सालीं शिरोळ तालुक्यांतल्या एखाद्या जैन शेतकऱ्यास किंवा भुदरगडच्या एखाद्या मराठा पाटलास आपला मुलगा कोल्हापुरास पाठवावयाचा, तर त्याचा पहिला प्रश्न शिक्षणाचा नसून 'तो जेवेल काय आणि कोणाजवळ?' हा होता. या प्रश्नास उत्तर मिळालें म्हणून मुलगा घरांतून निघाला. निराळी चूल ही त्या काळीं शाळेची वाट होती.

दुसरी गोष्ट व्यवस्थेची. महाराजांनीं जागा दिली, वार्षिक नेमणूक दिली, परंतु घर चालविण्याचा भार त्या त्या समाजावर टाकला. वर्गणी गोळा करणें, हिशेब ठेवणें, विद्यार्थी निवडणें, व्यवस्थापकाशीं भांडणें व पुन्हा समेट करणें, हें सर्व त्या समाजाच्या पुढाऱ्यांस करावें लागलें. सार्वजनिक कामाचा अनुभव ज्यांस पूर्वीं कोणी येऊं दिला नव्हता, त्यांस तो या वसतिगृहांत मिळाला. दरबारनें सर्व खर्च करून सर्व कारभार आपल्याच कारकुनांकडे ठेविला असता, तर हें झालें नसतें.

येथें पूर्वपक्ष उभा राहतो, आणि त्याचें म्हणणें आम्ही होईल तेवढ्या बलवत्तर रूपांत मांडतों. पूर्वपक्ष म्हणतो : ज्या घराच्या दारावर जातीचें नांव कोरलें आहे, त्या घरांत वाढलेला मुलगा जात कशी विसरेल? उलट, खेड्यांत जी जात ढिली होती ती येथें घटना, नियम, वर्गणी व अध्यक्ष यांनीं घट्ट झाली. या म्हणण्यास पूर्वपक्ष एक जबरदस्त उदाहरण देतो. भाऊराव पाटील हे कुंभोजचे. ते शिक्षणासाठीं कोल्हापुरास येऊन जैन बोर्डिंगांत राहिले होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनीं नकार दिला, आणि त्यामुळें त्यांस बोर्डिंग सोडावें लागलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे महाराजांनीं उघडलेल्या एका घरीं जाण्याबद्दल महाराजांच्याच आश्रयाखालील दुसऱ्या घरानें मुलास बाहेर काढलें. याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं, आणि जे स्तुतिपाठक तो उडवून लावतात ते महाराजांची सेवा करीत नाहींत. त्यांच्या लेखनांत ही कथा बहुधा भाऊरावांच्या तेजस्वितेचें उदाहरण म्हणून येते. त्या घराच्या नियमांविषयीं ती काय सांगते, हें कोणी पाहत नाहीं. आणखी एक गोष्ट. महाराजांचें पहिलें विस्तृत इंग्रजी चरित्र १९२४ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झालें, तें अण्णासाहेब लठ्ठे यांचें. लठ्ठे हे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या अग्रणींपैकीं, राजाराम कॉलेजांतले प्राध्यापक, आणि या चळवळीच्या आंतले गृहस्थ. त्यांचा ग्रंथ अमूल्य आहे. परंतु जो मनुष्य घराच्या आंत राहून घराविषयीं लिहितो, त्याला घराचा पाया चांगला दिसतो आणि बाहेरच्या पायरीवर कोण उभा आहे तें कमी दिसतें. वसतिगृहांचा इतिहास लिहिणाऱ्यानें या गोष्टीची सूट दिली पाहिजे. ती दिली जात नाहीं, हा आमचा स्तुतिपक्षावरील पहिला आक्षेप होय.

तथापि पूर्वपक्षहि एक पायरी चुकतो. वसतिगृहें पाहतांना तो केवळ वसतिगृहेंच पाहतो; त्याच हातानें काढलेले दुसरे हुकूम तो शेजारीं मांडून पाहत नाहीं. आम्ही ते मांडतों. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें संस्थानच्या नोकरींतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्यांत आल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्यांत आलें. १९१९ सालच्या निरनिराळ्या हुकुमांनीं सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा व कचेऱ्या यांत अस्पृश्यता पाळण्यास मनाई झाली. आणि त्याच सालीं अस्पृश्यांसाठीं चालणाऱ्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम झाला.

आतां संशयाचें मूळ दिसेल. जो राजा वसतिगृहें निराळीं काढतो तोच निराळ्या शाळा बंद करतो. पूर्वपक्षाच्या मतें महाराजांचें मन द्विधा होतें म्हणून हें घडलें. आम्हांस यांत विसंगति दिसत नाहीं. उलट, यांतच त्यांच्या धोरणाची किल्ली आहे असें आम्हांस वाटतें. जेथें मनुष्य जेवतो, झोपतो व देवाचें नांव घेतो, तेथें त्याचें विशेष राहूं द्यावें. जेथें तो शिकतो, पाणी भरतो, औषध घेतो, न्याय मागतो व नोकरी करतो, तेथें कोणाचेंहि विशेष चालूं देऊं नये. निराळी चूल हा भेद आहे; निराळी शाळा हा उच्चनीचभाव आहे. पहिला माणसाला आधार देतो, दुसरा त्याला ठेंगणें करतो. गंडसमुद्राच्या कांठची रचना ती हीच : देव तीन, पाणी एक.

पुन्हा व्याकरणाकडे वळलों तर, महाराजांनीं एकशेष टाकून द्वंद्व स्वीकारला, आणि त्यांतहि समाहार न स्वीकारतां इतरेतर स्वीकारला. समाहारांत हात व पाय मिळून एकवचनी नपुंसकलिंगी गोळा होतो. इतरेतरांत राम राम राहतो, लक्ष्मण लक्ष्मण राहतो, आणि तरीहि दोघांवर विभक्ति एकच चढते. शाळा, कचेरी, विहीर आणि कायदा ही ती समान विभक्ति. ती नसती तर नुसतीं पदें एकाशेजारीं एक मांडलेलीं राहिलीं असतीं; तो समास झाला नसता. पूर्वपक्षाला पदें दिसलीं, विभक्ति दिसली नाहीं. स्तुतिपक्षानें समास पाठ केला, पण विग्रह केला नाहीं.

महाराजांच्या वर्तनांतहि हाच विवेक दिसतो. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मनुष्यानें कोल्हापुरांत चहाचें दुकान काढलें, तेव्हां महाराज स्वतः तेथें थांबून चहा घेत व बरोबरच्या मंडळींस घ्यावयास लावीत. चहाचें दुकान ही घरची चूल नव्हे. ती रस्त्यावरची, सर्वांची जागा. तेथें भेद चालूं द्यावयाचा नाहीं, हें त्यांनीं भाषणापेक्षां पेल्यानें सांगितलें. १९१२ सालीं खुल्या झालेल्या खासबाग मैदानाचेंहि तेंच. पेठेपेठेची तालीम निराळी, वस्ताद निराळा, अभिमान निराळा. परंतु हौदा एक आणि मल्लविद्येचे नियम एक. माणगांवच्या १९२० च्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांचा जाहीर गौरव करणाऱ्या या राजानें त्याच सालीं नाशिकच्या भाषणांत असें बजावलें होतें कीं, जातवार परिषदांचें ध्येय जातिभेद मोडण्याचें असावें, वाढविण्याचें नसावें. साधन आणि साध्य यांतील अंतर त्यांस ठाऊक होतें. आपल्या साधनाचा धोकाहि ठाऊक होता.

पूर्वपक्षाच्या मुख्य उदाहरणास उत्तर त्या उदाहरणाच्याच पुढील भागांत आहे. भाऊरावांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास जें वसतिगृह काढलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीस जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या उपस्थितींत त्या वसतिगृहास नांव दिलें गेलें, तें छत्रपति शाहूंचें. जातवार घरांतून ज्याला बाहेर पडावें लागलें, त्यानेंच सर्वांचें घर बांधल्यावर जातवार घरें काढणाऱ्या राजाचें नांव त्यास द्यावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. भाऊरावांना त्यांत विरोध दिसला नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें त्यांनीं महाराजांचें कार्य खोडलें नाहीं. त्याची पुढची पायरी बांधली. १८९६ सालीं जें एकत्र घर टिकूं शकलें नाहीं तें १९२४ सालीं टिकलें, याचें कारण मधल्या काळांत प्रत्येक समाजांतलीं कांहीं मुलें शिकून आपल्या पायावर उभीं राहिलीं होतीं. आतां तीं एकत्र येत होतीं तीं समान म्हणून; कोणाच्या घरीं पाहुणीं म्हणून नव्हे.

याच ठिकाणीं एक लहान प्रसंग नमूद करण्यासारखा आहे. १९१४ सालीं कोल्हापुरांत राजपुतळ्यांस डांबर फांसल्याचें प्रकरण झालें. त्यांत लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठीं भाऊरावांचा छळ झाला, परंतु त्यांनीं ती दिली नाहीं, असें त्यांच्या चरित्रांत येतें. ज्या समाजाच्या वसतिगृहांतून आपण दुखावून बाहेर पडलों, त्याच समाजाच्या पुढाऱ्यासाठीं त्यांनीं हे हाल सोसले. मतभेद राहूनहि माणुसकी कशी राहते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आमच्या प्रांताच्या अलीकडच्या इतिहासांत ठाऊक नाहीं. छळ करणारी सत्ता ही शाहू महाराजांच्याच संस्थानची होती, हेंहि स्तुतिपक्षानें गाळूं नये.

सिद्धांत सांगितल्यावर दोष सांगणें प्राप्त आहे. पहिला दोष, ही बहुतेक सारी योजना मुलग्यांची होती. ज्या स्त्रियांच्या हातीं चुलीचा नियम होता, त्यांस शहरांत आणून शिकविण्याची तेवढी मोठी व्यवस्था त्या वेळीं झाली नाहीं. दुसरा दोष अधिक खोल आहे. घर निराळें असावें, हें साधन होतें. ज्या दिवशीं मुलगा निर्भयपणें कोणत्याहि घरीं राहूं शकेल, त्या दिवशीं त्या साधनाचें काम संपावें, असा त्याचा हेतु होता. परंतु साधनाला एकदां जागा, इमारत, भाडें आणि कार्यकारिणी प्राप्त झाली म्हणजे तें साध्याची वाट पाहत नाहीं. तें आपणच साध्य होऊन बसतें. हें कोणा एका संस्थेविषयीं आम्ही म्हणत नाहीं. सर्वच समाजांच्या सर्वच संस्थांनीं स्वतःस विचारावा असा हा प्रश्न आहे.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगून मग समारोप करितों. आमच्या वर्गांत एक मुसलमान मुलगा वसतिगृहांत राहून संस्कृत शिकत असे. शिक्षकांच्या खोलींत 'याला संस्कृत कशाला?' असें एका सहकाऱ्यानें म्हटल्याचें आम्हीं ऐकलें, आणि त्या वेळीं गप्प बसलों. तो दोष आमचा. पुढें दहावीच्या मुलांसाठीं आम्हीं शुक्रवारीं दुपारीं जादा तास ठेविला. तो मुलगा येईना. आम्हीं त्यास आळशी ठरविलें. अखेर त्याच्या बांकावर बसणारा दुसरा एक जैन मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, त्याची जुम्म्याची नमाज असते. तास उशिरा घ्या." आम्हीं तास उशिरा, सायंकाळीं ठेविला. तेव्हां हा जैन मुलगाच येईनासा झाला, कारण हिवाळ्याचे दिवस आणि सूर्यास्तापूर्वीं वसतिगृहांत जाऊन जेवावयाचें. त्यानें मित्रासाठीं मागणी केली आणि स्वतःची अडचण सांगितली नाहीं. शेवटीं आम्हीं तास शनिवारीं सकाळीं नेला, आणि दोघेहि आले.

या क्षुद्र गोष्टींत आमच्या लेखाचा सर्व सिद्धांत आहे. दोघांस सारखेंच वागवावें म्हणून आम्हीं जी वेळ ठरविली, ती एकास नकळत बाहेर ठेवीत होती; १८९६ चें वसतिगृह तें हेंच. आणि तास निरनिराळे घेतले असते तर मित्र एकत्र शिकले नसते. दोघांचे नियम विचारून घेऊन वेळ एकच ठेवणें, हा तिसरा मार्ग. तो कठीण नव्हता. त्यासाठीं विचारणें तेवढें आवश्यक होतें, आणि आम्हीं दोन महिने विचारलें नाहीं.

हा विचार आजच मांडण्याचें कारण आहे. ७ जून २०२३ रोजीं याच कोल्हापुरांत मोबाइलवरील मजकुरावरून जमाव रस्त्यावर आले, दगडफेक झाली, आणि शाहू महाराजांचें नांव घेणारें शहर कांहीं काळ स्वतःस ओळखेनासें झालें. त्यानंतर पुष्कळांनीं 'ही शाहूंची भूमि आहे' अशी आठवण दिली. आठवण योग्य होती. परंतु केवळ भूमीनें कांहीं होत नाहीं. बाबुजमाल दर्ग्याच्या दारावर गणपति कोरलेला आहे, कुरुंदवाडांत पाच मशिदींतून गणेशोत्सवांत गणपति बसतो, कित्येक तालमींत मोहरमचे पंजे हिंदु कार्यकर्ते बसवितात. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या आम्हांस प्रिय आहेत. परंतु गंडरादित्याच्या ताम्रपटाविषयीं जी सावधगिरी आम्हीं वर सांगितली तीच येथेंहि लागू आहे. दारावरची मूर्ति घरांतील मनाचा पुरावा होत नाहीं. ती प्रत्येक पिढीस पुन्हा समजून घ्यावी लागते, आणि जी पिढी तें करीत नाहीं तिच्या हातीं केवळ कोरीव दगड राहतो.

तात्पर्य असें. शाहू महाराजांचीं वसतिगृहें हीं ऐक्याची मूर्ति नव्हेत आणि फुटीचें बीजहि नव्हेत. विषम समाजांत समान म्हणून एकत्र येण्यापूर्वीं प्रत्येकास स्वतःच्या पायावर उभें राहण्यास जागा लागते, आणि ती जागा दिल्यानंतर पाणी, पाटी व न्याय हीं सर्वांस एकच द्यावीं लागतात, या दुहेरी धोरणाचा तो एक अर्धा भाग होय. दुसरा अर्धा भाग १९१९ च्या हुकुमांत आहे. एक अर्धा वाचून महाराजांस दोष देणें किंवा त्यांची आरती करणें, दोन्ही अपुरें आहे.

शेवटीं एक विनंति. या वसतिगृहांच्या आरंभींच्या काळांतील हजेरीपट, कोठीच्या व खानावळीच्या वह्या, नियमांचीं पत्रकें आणि पालकांचीं पत्रें पुष्कळ ठिकाणीं माळ्यावर पडून आहेत किंवा वाळवीच्या तोंडीं लागत आहेत. कोणत्या गांवचा कोणता मुलगा कोणत्या सालीं आला, काय जेवला, किती दिवस राहिला आणि कां गेला, हें त्या वह्यांतून समजेल. चरित्रग्रंथांतून समजणार नाहीं. ज्यांच्या स्वाधीन अशीं कागदपत्रें असतील, त्यांनीं तीं मूळ रूपांत नसलीं तरी नकलांच्या रूपानें संशोधकांस पाहावयास द्यावीं. आम्हीं वर मांडलेला सिद्धांत त्यांनीं खोटा ठरला, तर तो मागें घेण्यास आम्हांस संकोच वाटणार नाहीं.